डावखुरा

आधी कान बघायचे.
मिशा येतात जातात, केस तर जातातच,
गाल भरतात, बसतात;
कानाची ठेवण सहसा मोडत नाही.
तीस वर्षं मी यूटिकात श्रवणयंत्रं बसवली.
आता मंगळवारी आणि गुरुवारी
इतिहास मंडळाच्या तळघरात
मेलेल्या बेसबॉलपटूंचे कान बघतो.

विल्हेमिना क्वॅकनबुश आली ती
बिस्किटांचा डबा पोटाशी धरून.
डब्यात फ्लॅनेल, फ्लॅनेलमध्ये कागदी पाकीट,
पाकिटात पत्र्यावरचा माणूस,
तळहाताएवढाही नाही.
छातीवर ढालीसारखं कापड, त्यावर ठसठशीत U,
मागे रंगवलेलं तळं,
आणि डाव्या हातात चेंडू,
बाजारात बटाटा जोखावा तसा.

"आजोबांचे वडील. आयझॅक.
यूटिकाचे पहिले डावखुरे पिचर."
तिनं हे घरचा पत्ता सांगावा तसं सांगितलं.

मी पाकीट उलटं केलं.
पाठीवर निळं तिकीट, दोन सेंटांचं,
शाईची फुली मारलेलं.
युद्धाचा खर्च भागवायला सरकारनं तेव्हा
चेहऱ्यांवरही कर बसवला होता,
दोनच वर्षं, चौसष्ट ते सहासष्ट.
पासष्टच्या शिरगणतीत आयझॅक सापडतो:
वय नऊ, धंद्याचा रकाना रिकामा.

पाकीट बदललेलं असू शकतं, मी म्हणालो.
एवढी जागा मी नेहमी ठेवतो,
आलेल्याला खुर्ची द्यावी तशी.

मग कान.
आयझॅकचा म्हातारपणीचा फोटो होता तिच्याकडे,
ओसरीत, मांडीवर कुत्रा. पाळी गालाला चिकटलेली.
पत्र्यावरच्याची मोकळी, लोंबती.
तिनं नकळत स्वतःच्या कानाला हात लावला.
चिकटलेली.

मग पट्टा.
अंगठ्याआडून अर्धा शब्द डोकावत होता,
भिंगाखाली मुंग्यांसारखा, वाचता येईना.
हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात;
इथं लागला,
तिच्या पर्समधला, पावडरीच्या डबीतला.
आरशात शब्द सरळ झाला: यूनियन.

पत्र्यावर फोटो उलटा उमटतो,
उजव्याचं डावं होतं.
U ला मात्र डावं-उजवं नसतं,
म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही
की चेंडू उजव्या हातात आहे.
आणि यूनियन नावाचे क्लब त्या काळी
दर दुसऱ्या गावात.

ती बराच वेळ बोलली नाही.
वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली.
"लायमन," ती म्हणाली, "माझा भाऊ.
उजव्या हातानं जेवायचा.
वडिलांनी त्या हाताला मफलर बांधला
आणि सबंध उन्हाळा त्याला
कोठाराच्या दारासमोर उभा केला.
टाक, डाव्यानं. आपल्या रक्तात आहे.
सप्टेंबरात दाराची एक फळी निखळली."
थांबली. "चांगला टाकायचा शेवटी.
अगदी चांगला."

तिकीट, कान, पट्टा मला कळतात.
या फळीची नोंद कुठल्या रकान्यात करायची
ते कळेना.
वहीत लिहिलं: अनोळखी पुरुष. यूनियन क्लब.
गाव अज्ञात. उजवा हात.

तिनं त्याला पुन्हा फ्लॅनेलमध्ये गुंडाळलं,
झाकण दाबून बसवलं.
"मग हा कुणाचा?"
शोधतो, म्हटलं. वर्तमानपत्रं आहेत,
फोटोग्राफरांचे जुने पत्ते आहेत,
एखादा यूनियनवाला सापडेल मोकळ्या पाळीचा.
"शोधा. तोवर आमच्याकडेच राहू दे.
इतकी वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावरून
आम्हाला बघतोय तो."

जिन्यात अर्ध्यावर थांबून
तिनं डबा दुसऱ्या हातात घेतला.